विंडोजसाठी व्हील: पायथॉन लायब्ररीचं बिल्ड मशीनकडे कसं सोपवायचं

मुंबईतल्या कॉलेजच्या लॅबमध्ये पायथॉन शिकणारा विद्यार्थी बहुतेक वेळा विंडोजच्या मशीनसमोर बसलेला असतो. घरी लॅपटॉप असला तर त्यावरही बहुधा विंडोजच. तो ज्या ओपन सोर्स लायब्ररी वापरतो, त्या लिहिणाऱ्यांपैकी बरेच जण मात्र लिनक्स नाहीतर मॅकवर काम करतात. या दोघांची गाठ पडते ती ‘पिप इन्स्टॉल’ या, लायब्ररी मशीनवर बसवणाऱ्या एका ओळीत.

ती ओळ टाइप करून एंटर दाबलं की दोनपैकी एक गोष्ट घडते. काही सेकंदांत लायब्ररी बसते आणि विद्यार्थी कामाला लागतो. नाहीतर स्क्रीनभर लाल अक्षरं येतात आणि त्यांच्या तळाशी वाक्य असतं: ‘मायक्रोसॉफ्ट व्हिज्युअल सी++ १४.० ऑर ग्रेटर इज रिक्वायर्ड’. म्हणजे आधी कम्पायलर, लिहिलेला कोड मशीनच्या भाषेत आणणारा प्रोग्रॅम, आणा. तो काही जीबींचा, लॅबच्या मशीनचा ॲडमिन पासवर्ड विद्यार्थ्याकडे नाही आणि प्रॅक्टिकलची वेळ संपत आलेली. तो लायब्ररी सोडून देतो. लिहिणाऱ्याला याचा पत्ताही लागत नाही, कारण असा माणूस तक्रार नोंदवायला येत नाही. तो नुसता निघून जातो.

पवईला आयआयटी मुंबईतला फॉसी प्रकल्प पायथॉन, सायलॅब यांसारखी मुक्त सॉफ्टवेअर कॉलेजांमध्ये रुजावीत म्हणून कित्येक वर्षं काम करतो आहे. शिकवणारे इतकी मेहनत घेऊन विद्यार्थ्याला त्या एका ओळीपर्यंत आणून सोडतात. पुढची जबाबदारी लायब्ररी सांभाळणाऱ्यांची आहे, असं मला मनापासून वाटतं. कम्पाइल करायचा भार एकदाच, आपल्या बाजूला उचलायचा. हजार विद्यार्थ्यांच्या हजार मशीनवर तो टाकायचा नाही. आणि तोही हाताने नाही, दर वेळी आपोआप. हे कसं करायचं ते या लेखात पाहू.

बिल्ड म्हणजे नेमकं काय

सगळ्याच लायब्ररींना हा त्रास होत नाही. निव्वळ पायथॉनमध्ये लिहिलेली लायब्ररी कुठल्याही मशीनवर तशीच चालते. तिचं एकच पॅकेज सगळ्यांना पुरतं. अडचण सुरू होते ती वेगासाठी लायब्ररीचा गाभा सी, सी++ किंवा रस्टमध्ये लिहिला की. नमपाय, पांडाज, सायपाय या याच जातीच्या लायब्ररी.

समजण्यासाठी एक काल्पनिक लायब्ररी घेऊ. तिला ‘अक्षरगाळणी’ म्हणू. मराठी मजकूर दिला की ती त्यातली अक्षरं सुटी करून देते. ऐकायला सोपं वाटतं. पण ‘क्षि’ हे आपल्याला एक अक्षर दिसत असलं तरी युनिकोडमध्ये ती चार चिन्हं आहेत: क, हलन्त, ष आणि ऱ्हस्व वेलांटी. लाखो ओळींच्या मजकुरात असे तुकडे शोधायला पायथॉन हळू पडतं, म्हणून गाभा सी++ मध्ये लिहिलेला.

हा सी++ कोड प्रोसेसरला थेट चालवता येईल अशा रूपात आणायचा, यालाच बिल्ड म्हणतात. विंडोजवर त्यातून ‘डॉट पीवायडी’ शेपटीची फाइल निघते. आतून ती डीएलएलच असते, म्हणजे इतर प्रोग्रॅमना वापरता येणाऱ्या तयार कोडची विंडोजवरची फाइल. ती ठरावीक ऑपरेटिंग सिस्टिमसाठी, ठरावीक प्रोसेसरसाठी आणि बहुधा पायथॉनच्या ठरावीक आवृत्तीसाठीच बनलेली असते.

अशी लायब्ररी लोकांपर्यंत दोन रूपांत जाते. एक म्हणजे मूळ सोर्सचं पॅकेज, ज्याला सगळे ‘एसडिस्ट’ म्हणतात, दुसरं ‘व्हील’. एखाद्याला थालीपीठ करायचं असताना त्याच्या हातात ज्वारी, बाजरी, डाळी, धणे देऊन गिरणी शोधायला लावणं म्हणजे एसडिस्ट. भाजून-दळून तयार भाजणीचा डबा देणं म्हणजे व्हील. व्हीलचा आराखडा २०१३ मध्ये पायथॉन समुदायाने मंजूर केला. व्हील ही साधी झिप फाइल असते, आणि तिच्या नावातच तिची कुंडली असते. नावाच्या शेवटी ‘सीपी३१२-सीपी३१२-विन_एएमडी६४’ असेल, तर ती नेहमीच्या सीपायथॉन ३.१२ साठी, ६४-बिट इंटेल किंवा एएमडीच्या विंडोजसाठी आहे. ‘विन३२’ म्हणजे ३२-बिट पायथॉन, ‘विन_आर्म६४’ म्हणजे आर्म प्रोसेसरवालं विंडोज.

पिप काय करतं, हे इथे नीट ध्यानात घ्यायला हवं. ते पायपीआयवर, म्हणजे पायथॉन लायब्ररींच्या सार्वजनिक कोठारात, जाऊन सगळ्यात नवी आवृत्ती शोधतं. तिच्यात आपल्या मशीनला जुळणारं व्हील सापडलं तर ते उतरवून उलगडतं. सापडलं नाही तर एसडिस्ट उतरवतं आणि तिथल्या तिथे कम्पाइल करायला घेतं. यातून एक तिढा निर्माण होतो. समजा अक्षरगाळणीच्या १.४ आवृत्तीचं विंडोज व्हील आहे, पण १.५ चा फक्त एसडिस्ट चढवलेला आहे. पिप १.४ च्या व्हीलकडे वळत नाही. ते १.५ चा सोर्स घेतं, कम्पायलर शोधतं आणि कोसळतं. काल चालणारी ओळ आज मोडते, तेही विद्यार्थ्याने काहीही न बदलता. म्हणून ‘एसडिस्ट आज चढवू, विंडोजचं सवडीने बघू’ हा बेत घातक आहे.

विंडोजवरच घोडं पेंड कुठे खातं

लिनक्सवर कम्पायलर एका कमांडने येतो. विंडोजवर तो मुळात नसतोच. शिवाय पायथॉनचं अधिकृत विंडोज इन्स्टॉलर मायक्रोसॉफ्टच्या ज्या कम्पायलरने बनवलेलं असतं, त्याच्याशी जुळणाऱ्या कम्पायलरनेच आपली लायब्ररी बनवावी लागते. पायथॉन २.७ साठी तो व्हिज्युअल स्टुडिओ २००८ मधला होता, ३.३ आणि ३.४ साठी २०१० मधला. पायथॉन २ बरीच वर्षं वापरात राहिलं, त्यामुळे २००८ चा कम्पायलर २०१५ नंतरही लोकांना शोधत फिरावा लागे. ‘अनेबल टू फाइंड व्हीसीव्हार्सऑल.बॅट’ ही त्या काळातली ओळ जुन्या लोकांच्या अजून डोळ्यांसमोर असेल. पायथॉन ३.५ पासून सगळं २०१५ च्या कम्पायलरवर आलं, आणि तिथून पुढच्या २०१७, २०१९, २०२२ च्या आवृत्त्या एकमेकींशी जुळत्या ठेवल्या गेल्या. आज हे काम सोपं वाटतं, त्यामागे हा बदल मोठा आहे.

त्या अवघड वर्षांत विंडोजवाल्यांना कोणी तारलं, हेही सांगायला हवं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन इथल्या एका प्रयोगशाळेत काम करणारे क्रिस्टोफ गोल्के स्वतः शेकडो लायब्ररी विंडोजसाठी बिल्ड करून आपल्या पानावर ठेवत. जगभरचे लोक तिथून फाइल उतरवून काम चालवत. ती सेवा २०२२ मध्ये थांबली. सायपायचंच घ्या: प्रकल्प २००१ पासूनचा, पण पायपीआयवर त्याची अधिकृत विंडोज व्हील आली ती २०१७ च्या १.० आवृत्तीसोबत. त्यातला फोरट्रान कोड मायक्रोसॉफ्टच्या कम्पायलरबरोबर नांदायला तयार नव्हता. एका माणसाच्या खांद्यावर एवढं ओझं होतं, याबद्दल कृतज्ञता वाटते आणि ते तसं पुन्हा होऊ नये असंही वाटतं. प्रत्येक प्रकल्पाने आपलं बिल्ड स्वतः, आणि मशीनकरवी, करावं.

काम मशीनकडे सोपवताना

‘सतत एकत्रीकरण’ असं भारदस्त नाव असलं तरी सगळे त्याला सीआय म्हणतात. कल्पना अशी: कोड जिथे ठेवला आहे तिथेच एक फाइल ठेवायची. कोणीही नवा बदल पाठवला की ती फाइल वाचून सेवा एक कोरं मशीन उभं करते, सांगितलेल्या पायऱ्या चालवते, निकाल दाखवते आणि मशीन टाकून देते. विंडोजसाठी हे आधी ॲपव्हेयर नावाच्या सेवेवर चालायचं. २०१९ च्या अखेरीस गिटहब या कोड ठेवायच्या साइटचं गिटहब ॲक्शन्स सगळ्यांसाठी खुलं झालं आणि बहुतेक प्रकल्प तिकडे गेले. सार्वजनिक रिपॉझिटरीसाठी (प्रकल्पाच्या कोडच्या साठ्यासाठी) गिटहबची साधी मशीन फुकट आहेत, त्यात विंडोजही आलं. त्या मशीनवर व्हिज्युअल स्टुडिओ आधीच बसवलेला असतो. म्हणजे स्वतःकडे विंडोजचं मशीन नसलं तरी व्हील बनवता येतं.

पायथॉनच्या चार-पाच आवृत्त्यांसाठी वेगवेगळं व्हील बनवायचं, म्हणजे तेवढे पायथॉन बसवा, प्रत्येकात बिल्ड करा, प्रत्येकात तपासा. हे सगळं करणारं एक तयार अवजार आहे, ‘सीआयबिल्डव्हील’. पायथॉन पॅकेजिंग ऑथॉरिटी या गटाच्या छत्राखाली ते सांभाळलं जातं. ते विंडोजवर हवे ते पायथॉन स्वतः उतरवतं, एकेकात व्हील बनवतं, ते व्हील नव्या कोऱ्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये (पायथॉनच्या वेगळ्या, रिकाम्या जागेत) बसवतं आणि आपण सांगितलेल्या टेस्ट चालवतं. माझं स्पष्ट मत आहे की नव्या प्रकल्पाने हे हाताने लिहायच्या फंदात पडू नये. त्याच पायऱ्या स्वतः लिहिलेल्या शंभर ओळींत दर वर्षी काहीतरी मोडतं.

प्रत्यक्ष मांडणी छोटी आहे. लायब्ररीच्या ‘पायप्रोजेक्ट.टॉमल’ फाइलमध्ये एक विभाग सीआयबिल्डव्हीलसाठी असतो. तिथे कुठल्या पायथॉनपासून सुरुवात करायची, कुठल्या प्रोसेसरसाठी बनवायचं आणि टेस्टची कमांड कुठली, हे लिहायचं. प्रोसेसर स्पष्ट लिहावेत. मनात ६४-बिट आहे म्हणून तेच बनेल असं धरून चालू नये. मग ‘डॉट गिटहब’ फोल्डरच्या आत ‘वर्कफ्लोज’मध्ये एक यामल फाइल, जिच्यात चारच पायऱ्या: कोड उतरव, सीआयबिल्डव्हील चालव, तयार व्हील आर्टिफॅक्ट (सीआयने मागे ठेवलेली फाइल) म्हणून साठव, आणि कोडला आवृत्तीचा टॅग, म्हणजे आकड्याची खूण, लागला असेल तरच पायपीआयवर चढव. विंडोज, लिनक्स आणि मॅक तिन्हींवर हेच चालवायचं असेल तर ‘मॅट्रिक्स’ वापरतात, म्हणजे तीच कृती तीन मशीनवर एकाच वेळी. प्रत्येक मशीनच्या आर्टिफॅक्टला वेगळं नाव द्यायला विसरू नका. आर्टिफॅक्ट चढवणाऱ्या ॲक्शनच्या चौथ्या आवृत्तीपासून एकाच नावाने दोनदा चढवता येत नाही, आणि सगळं बिल्ड नीट होऊन शेवटच्या पायरीवर काम अडतं.

पहिल्यांदा हे चालवलं की सी++ कोड बहुधा कम्पाइल होणार नाही. लिनक्सवर सर्रास वापरली जाणारी ‘युनिस्टडी.एच’ ही फाइल विंडोजवर नाही. सी मधले चालत्या वेळी आकार ठरणारे ॲरे मायक्रोसॉफ्टच्या कम्पायलरला मान्य नाहीत. जीसीसी या लिनक्सवरच्या कम्पायलरचा ‘ओ३’ हा पर्याय तो ओळखत नाही आणि इशारा देऊन बाजूला ठेवतो. एक बाब मात्र देवनागरीशी संबंध असलेल्या प्रत्येकाने जपावी: सोर्समध्ये ‘ळ’ किंवा हलन्त थेट लिहिला असेल, तर कम्पायलरला यूटीएफ-८ चा, म्हणजे युनिकोड चिन्हं बाइटांत लिहायच्या नेहमीच्या पद्धतीचा, पर्याय सांगावाच लागतो. नाहीतर फाइलच्या सुरुवातीला बीओएम (ही पद्धत ओळखू देणारी खूण) नसल्यास तो ती मशीनच्या कोडपेजप्रमाणे, म्हणजे मशीनवर ठरलेल्या जुन्या अक्षर-तक्त्याप्रमाणे, वाचतो. कम्पाइल होतं, आणि आत भलतीच चिन्हं जाऊन बसतात.

हिरवी टिक दिसली, तरी थांबू नका

इथून पुढचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. बिल्ड झालं, टेस्ट पास झाल्या, हिरवी टिक आली. तरी लॅबमधल्या विद्यार्थ्याकडे लायब्ररी उघडेल याची खात्री नाही. कारण सीआयचं मशीन हे विद्यार्थ्याचं मशीन नव्हे.

सगळ्यात फसवी गोष्ट आहे ती सोबतच्या डीएलएलची. सी++ कोड बहुधा ‘एमएसव्हीसीपी१४०’ नावाच्या डीएलएलवर विसंबून असतो. सी++ ची स्टँडर्ड लायब्ररी तिच्यात असते. पायथॉनचं विंडोज इन्स्टॉलर ‘व्हीसीरनटाइम१४०’ सोबत आणतं, पण ही दुसरी आणत नाही. सीआयच्या मशीनवर व्हिज्युअल स्टुडिओ असल्यामुळे ती तिथे असतेच, म्हणून टेस्ट बिनबोभाट पास होतात. इतर काही सॉफ्टवेअरमुळे ती बऱ्याच लोकांकडेही आलेली असते. नुकतंच विंडोज टाकलेल्या मशीनवर मात्र ‘डीएलएल लोड फेल्ड’ येतं, आणि संदेशात कुठली डीएलएल सापडली नाही याचं नावसुद्धा नसतं. आपली लायब्ररी आणखी कुठल्या सी लायब्ररीला जोडलेली असेल तर तिचंही हेच. पायथॉन ३.८ पासून एक्स्टेन्शनला (कम्पाइल केलेल्या गाभ्याला) लागणाऱ्या डीएलएल ‘पाथ’मध्ये, म्हणजे विंडोजच्या शोधायच्या फोल्डरांच्या यादीत, शोधल्या जात नाहीत, त्यामुळे ‘फोल्डर पाथमध्ये टाका’ हा जुना सल्लाही आता चालत नाही.

यावर उपाय ‘डेल्व्हव्हील’. हे अवजार व्हील उघडतं, आतली पीवायडी कुठल्या डीएलएलवर अवलंबून आहे ते पाहतं, विंडोजसोबत येणाऱ्या सोडून बाकीच्या व्हीलमध्येच भरतं आणि पायथॉनला त्या सापडतील अशी सोय करतं. दोन लायब्ररींनी एकाच नावाच्या वेगळ्या डीएलएल आणल्या तर टक्कर होऊ नये म्हणून ते फाइलच्या नावात वेगळा तुकडाही जोडतं. सीआयबिल्डव्हीलच्या मांडणीत ‘रिपेअर व्हील कमांड’ म्हणून ते लिहिलं की झालं. लिनक्सवर हेच काम ‘ऑडिटव्हील’ करतं, मॅकवर ‘डेलोकेट’.

आणि तरीही, आवृत्ती जाहीर करण्याआधी एकदा कोऱ्या विंडोजवर व्हील बसवून पाहा. विंडोजच्या प्रो आवृत्तीत ‘विंडोज सँडबॉक्स’ आहे. तो चालू केला की प्रत्येक वेळी स्वच्छ विंडोज मिळतं आणि बंद केला की सगळं पुसलं जातं. त्यात पायथॉन टाका, व्हील बसवा, इम्पोर्ट करा. हे एवढं एकच काम हाताने करण्यासारखं आहे.

दुसरा भाग मजकुराचा, आणि मराठीत काम करणाऱ्यांना तो चुकत नाही. विंडोजवर पायथॉनच्या ‘ओपन’ला एन्कोडिंग (अक्षरं बाइटांत लिहायची पद्धत) सांगितलं नाही, तर ते मशीनच्या कोडपेजने फाइल वाचतं. इंग्रजी विंडोजवर ते बहुधा १२५२ क्रमांकाचं असतं. आता गंमत पाहा: यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचं असतं, आणि हलन्ताची तिसरी बाइट, सोळांच्या हिशेबात ८डी, ही १२५२ मधल्या मोजक्या रिकाम्या जागांपैकी एक आहे. म्हणजे मजकुरात एक जोडाक्षर आलं की प्रोग्रॅम तिथेच थांबतो. ‘कमल घर बघ’ अशी जोडाक्षरं नसलेली ओळ मात्र न थांबता वाचली जाते, आणि पुढे निव्वळ कचरा जातो. माझ्या लेखी हा दुसरा प्रकार जास्त वाईट. टेस्टच्या मजकुरात जोडाक्षरं, ‘झ’, ‘ए’, ‘ऐ’ हे सगळं मुद्दाम असावं; ‘झ’ आणि ‘ए’च्या शेवटच्या बाइटाही अशाच रिकाम्या जागी पडतात.

यावर बरेच जण सीआयच्या फाइलमध्ये पायथॉनचा यूटीएफ-८ मोड चालू करतात आणि टिक हिरवी होते. कृपया असं करू नका. तो मोड सीआयच्या मशीनवर चालू झाला. विद्यार्थ्याच्या मशीनवर तो बंदच आहे. दोष जिथल्या तिथे राहिला आणि तो दाखवणारा दिवा तेवढा काढून टाकला. लायब्ररीत जिथे जिथे फाइल उघडली जाते तिथे यूटीएफ-८ स्पष्ट लिहा. पायथॉन ३.१० पासून ‘वॉर्न डिफॉल्ट एन्कोडिंग’ असा पर्याय आहे, तो अशा प्रत्येक जागेवर बोट ठेवतो. पायथॉन ३.१५ पासून यूटीएफ-८ हीच मूळ पद्धत असेल असं ठरलं आहे, पण जुन्या आवृत्त्या लॅबमध्ये त्यानंतरही बरीच वर्षं राहतील.

फाइलच्या पत्त्याचंही असंच. सी++ मधून साध्या पद्धतीने फाइल उघडली तर विंडोज तो पत्ता कोडपेजने वाचतं. एखाद्याने विंडोजवर फोल्डरला ‘मराठी प्रकल्प’ असं नाव दिलं असेल तर फाइल असूनही सापडत नाही. टेस्टमध्ये देवनागरी नावाचं तात्पुरतं फोल्डर बनवून त्यातली फाइल उघडून पाहा. लिनक्सवर ही टेस्ट कायम पास होईल, विंडोजवर पहिल्यांदा बहुधा नापास होईल, आणि म्हणूनच ती हवी.

तिसरा भाग आकड्यांचा. सी मधला ‘लाँग’ ६४-बिट लिनक्सवर आठ बाइटांचा असतो, ६४-बिट विंडोजवर चारच. चार बाइटांत जास्तीत जास्त २१४ कोटींच्या आसपासचा आकडा मावतो. आठ बाइटांची सवय असलेला माणूस मोठ्या फाइलमधली जागा ‘लाँग’मध्ये साठवतो. तीन बाइटांच्या हिशेबाने देवनागरीची साधारण ७१ कोटी चिन्हं झाली की आकडा उलटून उणे होतो. कम्पाइल करताना चूक येत नाही, छोट्या टेस्टमध्ये काही दिसत नाही. नमपायमध्येसुद्धा विंडोजवरचा मूळ पूर्णांक ३२ बिटांचाच होता. जून २०२४ मध्ये आलेल्या २.० आवृत्तीत तो ६४ बिटांचा झाला. आपल्या कोडमध्ये नेमक्या रुंदीचे प्रकार, म्हणजे ‘इंट६४_टी’, वापरणं हाच यावरचा भरवशाचा मार्ग.

बाकीचं थोडक्यात. विंडोजवरचं गिट फाइल उतरवताना ओळींचे शेवट बदलू शकतं, त्यामुळे बाइट मोजणाऱ्या टेस्ट मोडतात. ‘गिटॲट्रिब्यूट्स’ फाइलमध्ये एलएफ, म्हणजे लिनक्सच्या पद्धतीचा ओळीचा शेवट, लिहून टाका. उघडी फाइल विंडोज सहसा पुसू देत नाही, म्हणून टेस्टमध्ये फाइल बंद करूनच पुसा. आणि टेस्ट प्रकल्पाच्या मुख्य फोल्डरमधून चालवल्या तर पायथॉन बसवलेलं व्हील सोडून शेजारचा सोर्सच इम्पोर्ट करू शकतं. कोड ‘एसआरसी’ फोल्डरमध्ये ठेवला की हे टळतं. अक्षरगाळणीची शब्दसूची व्हीलमध्ये भरायची राहिली असेल तर ते इथेच पकडलं जातं.

पायपीआयवर चढवणं

ही पायरी आता बरीच सरळ झाली आहे. आधी पायपीआयची गुप्त किल्ली गिटहबमध्ये साठवावी लागे, आणि ती फुटली तर कोणीही आपल्या नावाने काहीही चढवू शके. एप्रिल २०२३ पासून पायपीआयवर ‘ट्रस्टेड पब्लिशिंग’ आहे. कुठल्या रिपॉझिटरीच्या कुठल्या वर्कफ्लोला परवानगी आहे ते पायपीआयला एकदा सांगायचं; मग चढवण्याच्या वेळी थोड्या मिनिटांत बाद होणारी किल्ली आपोआप मिळते. नव्या प्रकल्पाने हीच वाट धरावी.

दोन पथ्यं. सगळी व्हील आणि एसडिस्ट एका ठिकाणी जमल्यावर, एकाच पायरीत चढवा. वर सांगितलेला १.४ आणि १.५ चा तिढा यानेच सुटतो. आणि पायपीआयवर एकदा चढवलेल्या फाइलचं नाव परत वापरता येत नाही, पुसलं तरी नाही. म्हणून नवी मांडणी आधी टेस्टपायपीआयवर, पायपीआयच्या सरावासाठीच्या वेगळ्या साइटवर, चालवून घ्या.

दर ऑक्टोबरचं काम

मशीनकडे सोपवलं म्हणजे कायमचं सुटलं, असं नाही. पायथॉनची नवी आवृत्ती दर वर्षी ऑक्टोबरमध्ये येते आणि प्रत्येक आवृत्तीला पाच वर्षं आधार असतो. जुन्या आवृत्तीचं व्हील नव्या पायथॉनला चालत नाही. विद्यार्थी मात्र पायथॉनच्या साइटवरून सगळ्यात नवं तेच उतरवतो. म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ‘व्हिज्युअल सी++ रिक्वायर्ड’ हा संदेश पुन्हा दिसू लागतो, आणि तो नेमका नवशिक्यांना दिसतो.

गाभा पायथॉनच्या मोजक्या, स्थिर सी एपीआयवर (आवृत्ती बदलली तरी न बदलणाऱ्या फंक्शनांवर) बेतता आला तर ‘एबीआय३’ व्हील बनवता येतं. ते एकदा बनवलं की पुढच्या आवृत्त्यांवरही चालतं. सी++ पायथॉनला जोडायला पायबाइंड११ वापरत असाल तर ही सोय नाही. त्याच कामाच्या नॅनोबाइंडमध्ये पायथॉन ३.१२ पासून पुढे आहे, रस्टच्या पायओ३ मध्येही आहे. नव्याने सुरुवात करणाऱ्याने याचा विचार पहिल्याच दिवशी करावा, कारण नंतर बदलणं जड जातं.

ते जमत नसेल तर वेळ सांभाळायची. नव्या पायथॉनचा पहिला रिलीज कँडिडेट, म्हणजे जवळपास अंतिम आवृत्ती, ऑक्टोबरच्या साधारण दोन महिने आधी येतो, आणि तेव्हापासून त्याचा बायनरी ढाचा (कम्पाइल केलेला कोड त्याच्याशी जुळण्याची रचना) गोठवलेला असतो. त्या वेळी बनवलेलं व्हील अंतिम पायथॉनलाही चालतं. सीआयबिल्डव्हीलची नवी आवृत्तीही साधारण तेव्हाच त्या पायथॉनला आपल्या यादीत घेते. वर्कफ्लोमध्ये तिचा आकडा पक्का लिहिलेला ठेवा आणि तो वाढवण्याची सूचना डिपेंडाबॉटकडून, गिटहबच्या नव्या आवृत्त्या सुचवणाऱ्या बॉटकडून, घ्या. तो आकडा वाढवायचा, तिन्ही मशीनवर टेस्ट होऊ द्यायच्या, सँडबॉक्समध्ये एकदा इम्पोर्ट करायचं आणि गणपतीच्या सुट्टीच्या आसपास एक छोटी आवृत्ती काढून टाकायची. दिवाळीनंतर दुसरं सत्र सुरू होताना ज्याने नवं पायथॉन टाकलेलं असेल, त्याच्यासाठी व्हील तोवर पायपीआयवर तयार असेल.